जळगावला जायचे दोन रस्ते

इंदूरहून जळगावला मोटारीने जायला साधारण साडेपाच तास लागतात. आम्हाला अकरा लागले. त्यातले पहिले पाच इंदूरच्या आसपासच गेले.

यात धुक्याचा किंवा ट्रकवाल्यांचा काही दोष नाही. दोष भूगोलाचा आहे. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे घरात रस्त्याचा विषय निघाला की मी चष्मा काढतो, पुसतो आणि पुन्हा घालतो. एवढं झालं की माझी बायको नीलिमा उठून स्वयंपाकघरात जाते. (तिथे काही काम असतंच असं नाही.)

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं, अदितीचं, लग्न जळगावला ठरलं. मी तिचा एकुलता एक मामा. आमच्याकडे लग्नात मामाला कामं दोनच. नवरीसाठी पिवळी साडी न्यायची आणि मुहूर्तावर तिचा हात धरून तिला मांडवात आणायचं. मामाची साडी आल्याशिवाय नवरी विधींना बसत नाही, आणि मामा आल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही. थोडक्यात, माझ्यावाचून लग्न अडणार होतं! आयुष्यात माझ्यावाचून काही अडण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी जरा ताठ चालत होतो.

अदितीची आई म्हणजे माझी थोरली बहीण, कुंदाताई. तिने फोनवर बजावलं, "सुधीर, मुहूर्त दुपारी बारा सतराचा आहे. बारा सतरा! लिहून घे."

"लिहिलं. आमच्या मुग्धाची परीक्षा आदल्या संध्याकाळपर्यंत आहे ना, म्हणून पहाटे पाचला निघतो. साडेदहाला तुझ्या दारात."

"निखिलच्या मुंजीलाही तू असंच म्हणाला होतास."

हा टोमणा मला दर कार्याला ऐकावा लागतो. झालं असं की, ताईच्या मुलाच्या मुंजीला मी एक जवळचा रस्ता शोधून काढला होता. तो जवळचा होता, फक्त जळगावच्या जवळचा नव्हता. मी पोचलो तेव्हा बटू हाफपँट घालून अंगणात क्रिकेट खेळत होता. मामाला पाहून त्याने विचारलं, "बोलिंग टाकतोस?"

या वेळी मात्र मी अभ्यास करायचं ठरवलं. सीमा ओलांडून महाराष्ट्रात उतरायला आम्हाला दोन रस्ते. एक सिमरोलचा घाट उतरून खंडवा, बऱ्हाणपूरवरून. दुसरा मानपुरचा घाट उतरून सेंधवा, शिरपूरवरून. साडी घ्यायला राजवाड्याच्या बाजारात गेलो, तर तिथेही दुकानदाराला मी पहिला प्रश्न रस्त्याचाच विचारला.

"भिया, आँख मूँद के खंडवा रोड पकड़ो," दुकानदार म्हणाला.

"पागल हो क्या!" शेजारच्या गादीवरून एक गिऱ्हाईक उठलं. "ठंड में, कोहरे में, वो घाट? मानपुर से मक्खन रोड है अंकल!"

मग सगळं दुकानच पेटलं. इंदुरात रस्ता विचारल्यावर 'माहीत नाही' असं उत्तर मी जन्मात ऐकलेलं नाही. ज्याने कधी शहराच्या वेशीवरचं राऊ ओलांडलं नाही, तोही तुम्हाला जळगावच्या बसस्टँडपर्यंत सोडून येतो, तेही जागचा न हलता. वीस मिनिटांत नीलिमाने साडी ठरवली. मी तासाभराने बाहेर आलो तेव्हा माझ्याजवळ नऊ मतं होती.

ती सगळी मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर व्यवस्थित मांडली. जाड, घडीची पत्रिका होती, बोरू चालवावा असा कागद! डावीकडे सिमरोल मार्ग, उजवीकडे मानपुर मार्ग, घाट लाल शाईत, नर्मदा निळ्या. दवाने शाई फुटू नये म्हणून पत्रिका तशीच घडी मिटलेली लॅमिनेट करून आणली आणि घरात बैठक बोलावली.

"बाबा, फोनमध्ये मॅप आहे ना यार," मुग्धा म्हणाली. "तो लाइव्ह सांगतो. जाम-वाम सगळं."

"फोनला चढ-उतार कळतो? माती कळते?"

"आपण रोडनेच जाऊन राहिलो ना बाबा? मातीचं काय करायचं?"

माझ्या आईने एवढंच सांगितलं, "सुधीर, मला कुठल्याही रस्त्याने ने. फक्त एकदाच ने." या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पहाटे पाचला निघालो. धुकं असं की बॉनेट कुठे संपतं तेही अंदाजानेच ठरवायचं. पुढे मी आणि मुग्धा, मागे आई, नीलिमा, साडीची पेटी आणि शेवेचे चार डबे. (शेव नेली नाही तर जळगावचे लोक आम्हाला इंदूरचे मानत नाहीत.) आरशाला लॅमिनेट केलेली पत्रिका टांगलेली. मी सिमरोल मार्ग जाहीर केला आणि पाऊण तासात सिमरोलच्या पुढे ट्रकच्या रांगेमागे उभा राहिलो.

"थोडं थांबू. सुटेल," नीलिमा म्हणाली.

थांबायला माझी हरकत नव्हती. पण समोर पोह्यांची टपरी होती, तिच्यावर कढईतून वाफ निघत होती आणि भोवती शालीत गुंडाळलेले सहा-सात जण उभे होते. इंदूरच्या माणसाला पोहे दिसले की भूक लागते आणि माणसं दिसली की शंका विचारावीशी वाटते. मी विचारली.

"घाट तो भिया आज गया," पोहेवाल्याने वरून शेव भुरभुरत निकाल दिला. "दोपहर तक नी खुलेगा. महू होके मानपुर निकल लो."

"पक्का?"

"अरे, अपना रोज का है!"

दुपारपर्यंत! बारा सतराचं काय? मी पोह्यांची पानं तशीच गाडीत दिली आणि गाडी वळवली. सिमरोलहून आडव्या रस्त्याने महू, महूहून मानपुर. धुक्यात एका बैलगाडीमागे आठ किलोमीटर बैलाच्याच चालीने गेलो, कारण पुढचं काही दिसत नव्हतं आणि बैलाला रस्ता माहीत होता. मानपुरला पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तिथेही घाटाच्या तोंडाशी रांग!

"बाबा, मॅप म्हणतोय वीस मिनिट का डिले आहे फक्त. थांबा ना."

पण मी तोवर चहाच्या टपरीवर पोचलो होतो.

"सिमरोल वाला घाट?" चहावाला हसला. "वो तो कब का खुल गया साब. अभी मेरा साला उधर से आया. आप इधर काय को आए?"

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला आता समजतं. तेव्हा मात्र मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मागच्या सीटवरून नीलिमा एकदम म्हणाली, "नको हो! गाडी नका वळवू!" पण तोवर गाडी वळली होती.

राऊजवळ आलो आणि आई म्हणाली, "सुधीर, आपलं घर दोन मिनिटांवर आहे. मला घरच्या बाथरूमला जाऊन येऊ दे. पाच तास झाले."

तर सकाळी दहा वाजता, आम्ही सहकुटुंब, जरीच्या साड्या आणि नेहरू शर्टासह, राजेंद्रनगरातल्या आमच्याच फाटकासमोर उतरलो. शेजारचे चौहानजी अंगणात उन्हाला बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"अरे भिया! शादी निपट गई? बड़ी जल्दी आ गए!"

मी फाटकाची कडी काढली. त्यांनी मागच्या सीटवरच्या शेवेकडे पाहिलं. "ये वापस क्यों ले आए? पसंद नी आई उनको?"

घरात जाऊन मी खुर्चीवर बसलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं. सव्वादोन तासांत जळगाव गाठणं विमानानेही जमलं नसतं. तिकडे अदिती खोलीत ताटकळत बसलेली, कुंदाताई रस्त्याकडे डोळे लावून, भटजी घड्याळ बघतायत, आणि नवरीचा मामा इंदुरात, पायात घरच्या सपाता! लहानपणी अदिती माझ्याच खांद्यावर बसून जत्रा बघायची. तिच्या लग्नात मला तिला वीस पावलं चालवायचं होतं, आणि तेवढंही जमलं नाही.

"ताईला फोन कर," मी नीलिमाला म्हणालो. "सांग, दुसऱ्या कुणाला तरी मामा करा. साडी... साडी तिथेच घ्या."

नीलिमा फोन घेऊन आत गेली. बराच वेळ हळू आवाजात बोलली. बाहेर आली ती तोंडाला पदर लावून. मला वाटलं, रडतेय. "ताई म्हणाल्या, जमेल तेव्हा या. मुग्धा, तू चालव."

माझ्या हातून किल्ली गेली. आरशावरची पत्रिकाही काढली गेली, ती मी खिशात ठेवली. मला मागे, आई आणि शेवेच्या मध्ये बसवलं. मुग्धाने फोनला विचारलं, फोनने सिमरोल सांगितलं, आणि ज्या घाटाने मला पहाटे अडवलं होतं तो तिने गाणी ऐकत उतरून दाखवला. धुकं विरलं होतं. मी खिडकीतून नर्मदाही पाहिली नाही.

सनावदच्या पुढे बारा पंधरा झाले. "गाडी थांबव," मी म्हणालो.

"बाबा, आता काय?"

"थांबव म्हणतो ना!"

गव्हाच्या शेताशी गाडी थांबली. मी पत्रिकेसोबत आलेल्या अक्षतांची पुडी काढली, चपला काढल्या आणि बांधावर उभा राहिलो. निदान इथून तरी पोरीच्या डोक्यावर चार दाणे! घड्याळात बारा सतरा झाले. मी डोळे मिटले, खड्या आवाजात "शुभमंगल सावधान" म्हटलं आणि अक्षता टाकल्या.

"सुधीर," गाडीतून आईचा आवाज आला, "तू इंदूरकडे तोंड करून उभा आहेस."

मी वळलो. उरलेल्या अक्षता जळगावच्या दिशेने टाकल्या. मोटरसायकलवरून चाललेला एक माणूस थांबला, त्याने माझ्याकडे, शेताकडे आणि माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "बाऊजी, चिड़िया बुला रहे हो क्या?" आणि माझ्याच गाडीत माझीच बायको आणि माझीच मुलगी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या! घरात लग्न चुकलंय आणि यांना हसू येतंय! पुढे बऱ्हाणपूर गेलं, सीमा गेली, मराठी पाट्या लागल्या, केळीच्या बागा लागल्या. मी शेवेचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो.

चार वाजता कार्यालयात शिरलो. मी साडीची पेटी छातीशी धरून, मान खाली घालून चालत होतो. मंडप अर्धाच बांधलेला. एक माणूस शिडीवर चढून झेंडूच्या माळा लावत होता. मला वाटलं, काढतोय.

"अरे वा!" कुंदाताई समोरून आली. केसांना अजून कंगवा लागायचा होता. "चक्क दोन तास आधी? सुधीर, बरं आहे ना तुला?"

"ताई, मला माफ कर. लग्न..."

"लग्न सहा बाराला. गोरज मुहूर्त आहे. पत्रिका नाही वाचलीस?"

मी खिशातून पत्रिका काढली. पाठीवर सिमरोल होतं, मानपुर होतं, निळी नर्मदा होती. आत काय होतं ते मला उघडून बघता येईना, कारण ती मी कडेकडेने सील करून आणली होती! नीलिमाने पर्समधून कात्री काढली आणि प्लॅस्टिक कापून दिलं. आत ठळक अक्षरांत छापलं होतं, सायंकाळी ६ वाजून १२ मिनिटे.

"मला बारा सतरा का सांगितलंस?"

"निखिलची मुंज," ताई म्हणाली.

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं? मुग्धाला? आईला?"

"सगळ्यांना पत्रिका आली होती हो," नीलिमा म्हणाली. "चौहानजींनासुद्धा."

"आणि मी तिकडे शेतात उभा राहून... सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. पण सनावदच्या आधीच ओंकारेश्वरचा फाटा लागतो. वेळ आहे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. मी म्हणालो असतो, वेळ आहे तर ओंकारेश्वर करून जाऊ. आणि मला तिथला एक जवळचा रस्ताही माहीत आहे.

सहाला पाच मिनिटं असताना मी नवरीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. दार उघडलं आणि माझी पिवळी साडी नेसलेली अदिती बाहेर आली. मला एकदम भरून आलं. मी तिचा हात धरला. समोर खुर्च्यांच्या रांगा, आणि स्टेजकडे जायला दोन वाटा. एक डावीकडून, वरपक्षाच्या पाहुण्यांमधून. दुसरी उजवीकडून, बँडवाल्यांच्या बाजूने. डावी जवळची वाटत होती, पण गर्दी होती. उजवी मोकळी, पण तिथे वायरी पडल्या होत्या. शेजारी एक वाढपी उभा होता. त्याला विचारावं म्हणून मी चष्मा काढला.

"मामा," अदिती कानाशी म्हणाली, "चष्मा घाल आणि माझ्या मागे ये."

लग्नाच्या व्हिडिओत ते दृश्य आहे. लोक म्हणतात, बघा, मामा भाचीला किती मायेने मांडवात आणतोय. नीट पाहिलं तर हात तिने धरलाय आणि मी अजून डावीकडे बघतोय.