पार्वतीबायचं लाल सरबत

पार्वती भोईरला लहानपणापासून एक खोड होती. गोष्टीतला राजा जिंकला की हरला, राजकन्या कुणाला मिळाली, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसे. राजा जेवायला बसला की मात्र ती कान टवकारायची. ताटात काय होतं? त्याची चव कशी होती? सांगणाऱ्याला ते माहीत नसलं, तर ती स्वतःच करून बघायची.

शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवायचे तेव्हाची गोष्ट. त्यातल्या खलनायकाच्या हातात धूर निघणारा पेला होता. दुसऱ्या दिवशी पार्वतीने कोकमाच्या सरबतात कापूर टाकला, पेटवला आणि घटाघटा प्यायली. मग दिवसभर उलट्या. बापाने पाठ सोलून काढली. आईने विचारलं, "परत करशील?" पार्वती म्हणाली, "कापूर न्हाय टाकनार." म्हणजे सरबत करणारच होती.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली. भिवंडीजवळ, शेलारच्या पुढे, रस्त्याला लागून असलेलं छोटं गाव आमचं. तिचा नवरा केसरीनाथ टेम्पो चालवायचा, नारपोलीच्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे तागे भरायचा आणि मुंबईला पोचवायचा. माणूस हसरा. एकदा दोघं सिनेमाला गेली, तर नायिकेच्या हातात निळ्या रंगाचं काहीतरी पेय होतं. पार्वतीने घरी येईपर्यंत दुसरा विषय काढला नाही. पुढच्या खेपेला केसरीनाथने मुंबईहून निळ्या सरबताची बाटली आणली. सासू, म्हणजे आक्का, बाटली बघून ओरडली, "अरे, इष हाय का काय ते?" केसरीनाथ म्हणाला, "असू दे की. शंकरानं पिलं, पार्वतीनं प्यायला काय हरकत हाय?" सरबत नुसतं गोड होतं, दुसरी काही चव नव्हती. तरी ती बाटली तिने पुरवून पुरवून संपवली.

केसरीनाथ टेम्पोतच छातीत कळ येऊन गेला. पोरगी भाविका तेव्हा शाळेत होती. पार्वतीने रडून झाल्यावर मोठी पातेली बाहेर काढली आणि लोकांच्या हळदीचा स्वयंपाक करायला लागली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. गावंच्या गावं जेवतात. तिच्या हातच्या मटणाची आणि तांदळाच्या भाकरीची टेमघरपर्यंत ख्याती झाली. भाविका शिकली, हायवेच्या बाजूला एका गोडाऊनच्या ऑफिसात लागली. आणि पार्वतीच्या हातात मोबाईल आला.

मोबाईलवर जगभरच्या मालिका, हिंदीत डब केलेल्या. पार्वतीला खजिनाच सापडला. कोरियातली माणसं दुःख झालं की रस्त्याकडेला उभी राहून लाल रश्शातल्या तांदळाच्या कांड्या खातात, हे तिने बघितलं. तांदळाची उकड काढण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतंच. तिने उकडीच्या बोटाएवढ्या कांड्या वळल्या, वाफवल्या आणि आपल्या मसाल्याच्या रश्शात सोडल्या. खाल्ल्यावर म्हणाली, "त्या लोकांचं दुःख जरा कमी तिखट असंल."

या खुळात तिला एक जोडीदारीणही होती. माजिदा. भिवंडी शहरात तिचं मसाल्याचं दुकान. हळदीच्या स्वयंपाकाच्या मिरच्या घेता घेता ओळख झाली आणि दोघी एकच मालिका बघतात हे कळल्यावर मैत्री. रविवारी दुपारी माजिदा रिक्षाने यायची, आणि पार्वतीच्या पडवीत दोघींचे प्रयोग चालायचे. कधी मालिकेतल्या कुठल्याशा राणीची गुलाबाची खीर, कधी समुद्री चाच्यांचा मुरवलेला मासा. आक्का ओट्यावर बसून नावं ठेवायची आणि वाटी पुढे करायची.

अशाच एका मालिकेत रक्तपिपासूंचं कुटुंब होतं. त्यातली आजी शेकडो वर्षांची, लांब दांड्याच्या ग्लासातून रक्त पिणारी. पार्वतीला ती आजी फार आवडली. तिने कोकमाचं आगळ घेतलं, त्यात उकडलेल्या बीटाचा रस, चिंचेचा कोळ, लवंग आणि काळं मीठ घातलं. दाट, गडद लाल सरबत झालं. भाविकाने काचेचा ग्लास शोधून दिला आणि मोबाईल समोर धरला. पार्वतीने केस मोकळे सोडले, एक घोट घेतला, ओठांवरचा लाल रंग जिभेने पुसला आणि आवाज लावून म्हणाली, "चारशे वर्सांची हाय मी. अजून भूक भागली न्हाय." माजिदा हसून हसून खाली बसली. भाविकाने तो व्हिडिओ आपल्या अकाउंटवर टाकला.

त्या दिवशी अमावस्या होती. हे तिघींच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कुणीतरी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला, पुढचंमागचं हसणं कापून. राहिली फक्त केस मोकळे सोडलेली विधवा बाई, लाल ओठ आणि ते बोलणं. त्याच आठवड्यात केसरीनाथचा चुलतभाऊ अनंता, त्याचा नातू तापाने फणफणला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. एवढं पुरे झालं. नळावर एक शब्द फिरायला लागला, भुताळी. आमच्याकडे करणी करणाऱ्या बाईला भुताळी म्हणतात. हा शब्द एकदा चिकटला की बाई गावात राहूनही गावाबाहेर जाते.

आधी एका हळदीचं काम गेलं. फोन आला, "काकू, आम्ही दुसरीकडं सांगितलंय." मग शेजारणी आपली पोरं आत ओढून घ्यायला लागल्या. एका सकाळी दारात टाचण्या टोचलेलं लिंबू पडलेलं होतं. आक्का ते बघून मागे सरली. पार्वतीने लिंबू उचललं, टाचण्या काढून फेकल्या, लिंबू धुतलं, चिरलं आणि दारातच उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, पाण्यात पिळून प्यायली.

"आये, पोलिसात जाऊ," भाविका म्हणाली. "याला कायदा हाय."

"जाऊ. पर आदी मना त्यांची तोंडं बघू दे."

संध्याकाळी अनंता आला. गावात त्याचा शब्द चालायचा. खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलला.

"वयनी, तो व्हिडिओ काढून टाक. रविवारी गावदेवीच्या देवळात ये, नारळ ठेव, चुकलं म्हन. लोक इसरतील."

"काय चुकलं, भाऊजी?"

"ह्या वयात केस सोडून असं काय-काय प्यायचं शोभतं का? इधवा बाई तू."

"म्हंजे मी भुताळी हाय म्हनून राग न्हाय," पार्वती म्हणाली, "मी हसते म्हनून राग हाय."

अनंता म्हणाला, "माझा नातू दवाखान्यात हाय."

"त्याच्यासाठी मी रोज देवीला हात जोडते. पर माफी मांगनार न्हाय. येते मी रविवारी."

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात गाव जमलं. पार्वती आली ती डोक्यावर स्टीलचा डबा घेऊन. मागे भाविका, तिच्यामागे माजिदा. मुद्दाम म्हणून पार्वतीने केस मोकळे सोडले होते. लोकांत कुजबूज झाली. तिने देवीसमोर नारळ वाढवला, खोबऱ्याचा तुकडा देवीपुढे ठेवला आणि लोकांकडे वळली.

"ह्यो नारळ पोराला बरं वाटावं म्हनून. माफीचा न्हाय." तिने डब्याचं झाकण काढलं. "आनि हे ते रगत. कोकम हाय, बीट हाय, चिंच हाय. मोबाईलवरच्या एका म्हातारीचं बघून केलं. मना बघायचं होतं कसं लागतं. तुमी समदे माझ्या हातचं जेवलेले. तवा कुनाला भुताळी न्हाय दिसली." ग्लास भरून ती प्यायली. "आता ज्याला मी भुताळी वाटते, त्यानं पुढं यावं आनि तोंडावर बोलावं."

कोणी हललं नाही. पण ग्लास घ्यायलाही कोणी पुढे आलं नाही. बायका पदर चाळवत बसल्या. पुरुषांनी अनंताकडे बघितलं. अनंताने घसा साफ केला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. अनंताची सून निशा उतरली. पोराजवळ तिची आई बसली होती, म्हणून ती घरी कपडे न्यायला आली होती, आणि देवळाजवळ गर्दी बघून थांबली होती. कित्येक रात्रींच्या जागरणाने डोळे सुजलेले. काय चाललंय ते तिला एका बाईने हळू आवाजात सांगितलं. निशा सगळ्यांतून वाट काढत सरळ पुढे आली. सासऱ्यासमोर तिने कधी मान वर करून बोललेलं गावाने ऐकलं नव्हतं.

"बाबा, पोराला डेंग्यू हाय. रिपोर्ट तुमीच वाचून दाखवला ना मना? आपल्या मागच्या पिंपात आळ्या झाल्यात, त्या मी तुमाला दोनदा दाखवल्या." तिने जमलेल्या सगळ्यांवर नजर फिरवली. "माझ्या पोराच्या आजारपनाचं नाव घेऊन कुनी कुनाला भुताळी म्हनायचं न्हाय. आई मी हाय त्याची."

मग ती पार्वतीकडे वळली. "काकू, द्या."

पार्वतीने ग्लास भरला. निशा सगळा प्यायली. सकाळपासून तिच्या पोटात काही नसावं. मनगटाने तोंड पुसून म्हणाली, "मीठ कमी हाय."

"बरोबर हाय तुजं," पार्वती म्हणाली. आणि या सगळ्यात तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर चार-पाच बायांनी ग्लास घेतले. बाकीच्या उठून गेल्या. अनंता देवळाच्या मागच्या दाराने निघून गेला. त्याच दुपारी त्याने मागचं पिंप उलटं केलं, हे मात्र शेजाऱ्यांनी पाहिलं. भाविका पोलिसात जाऊन तक्रार देऊन आलीच. साहेबांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांना बोलावून दम दिला. निशाचा मुलगा बरा होऊन घरी आला.

गाव काही एका सकाळीत बदललं नाही. हळदीची निम्मी कामं परत आली, निम्मी आली नाहीत. काही घरांतून अजून पार्वतीला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तशी ती घरं तिला विधवा म्हणून आधीही बोलावत नव्हतीच. अनंता तिच्याशी बोलत नाही. पार्वतीने व्हिडिओ काढून टाकू दिला नाही. उलट भाविकाने तो गावाच्या ग्रुपवर पूर्ण टाकला, माजिदाच्या हसण्यासकट.

आता पार्वतीच्या पडवीत रविवारी गर्दी असते. निशा येते, गोडाऊनमधल्या भाविकाच्या मैत्रिणी येतात, माजिदाबरोबर तिच्या मोहल्ल्यातल्या दोघीतिघी येतात. कुणी मालिका सांगतं, कुणी सिनेमा, आणि त्यातलं काय खायचं यावर भांडणं होतात. परवा अंतराळातल्या माणसांचं जेवण करायचं ठरलं. मुगाची सालवाली डाळ, सुकट आणि गूळ एकत्र वाटून पार्वतीने त्याच्या चौकोनी हिरवट वड्या पाडल्या. माजिदाने एक घास घेतला आणि मोरीकडे धावली. निशाने वडी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली.

"पार्वतीबाय, फेक गो ते," माजिदा मोरीतूनच ओरडली. "जनावर पन खानार न्हाय."

पार्वतीने दुसरी वडी तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"वाईट हाय," ती म्हणाली. "लई वाईट हाय." आणि तिसऱ्या वडीला हात घातला.