दुष्काळ मोजायला आले त्या दिवशीचं माझं वावर

माझ्या वावराची गावात ख्याती आहे. मोताळ्याच्या बाजारात सोयाबीनचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, "त्या भाऊच्या वावरात सोयाबीन शोधायले कुत्रं न्या लागते." मला तण आवडतं असं नाही; निंदणाची वेळ आली की नेमकं दुसरं काहीतरी आवडायला लागतं. म्हणून पीक कापणी प्रयोगासाठी माझ्याच गटाचा नंबर निघाला, तेव्हा पारावर आधी हसू फुटलं. मग सगळे एकदम गप्प झाले.

गप्प व्हायला कारण होतं. महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात. पाऊस तिथं पडायचा आणि आमच्या शिवारावरून नुसता गडगडत निघून जायचा. यंत्राच्या हिशेबानं आम्ही चांगले भिजलेलो होतो. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत पानं दुपारी माना टाकायची, आणि सरकारदरबारी आमचं बरं चाललं होतं. आता एकच साक्ष उरली होती. निवडलेल्या वावरात दोरी लावायची, दोरीच्या आतलं पीक सगळ्यांसमोर कापायचं, मळायचं, वजन करायचं. वजन कमी भरलं तर आमचा दुष्काळ खरा.

ह्यात सगळ्यात जास्त जीव अडकला होता माझ्या चुलतभावाचा. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याचं घर म्हशींवर. कडबा संपत आला होता, विहिरीत उन्हाळ्यापर्यंत म्हशींना पुरेल एवढंच पाणी होतं. "दुष्काळ लागला त चाऱ्याचं काही होईन," तो म्हणायचा, "नाही त या म्हशी गोठ्यात राहत नाहीत. तुया वावरावर हाय बे सारं." आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या वावरावर भरवसा टाकत होतं.

आणि तिथंच माझी मती फिरली.

बायको म्हणाली, "अवो, सायेब लोक येऊन राह्यले, अन् वावराचं हे रूप? काय म्हणतीन?" तिचं म्हणणं तणाबद्दल होतं. मी निंदण करून घेतलं. तण गेल्यावर सोयाबीन दिसलं, आणि ते इतकं केविलवाणं दिसलं की मला पाहवेना. पाहुणे येणार म्हटलं की माणूस ओसरी सारवतो, गादीवर चादर बदलतो. मी दादाकडे गेलो आणि वावराच्या कडेच्या वांग्यांना द्यायचं म्हणून त्याच्या विहिरीचं पाणी मागितलं, वर स्प्रिंकलरही मागितले. तो कुरकुरला, पण भाऊ म्हणून दिलं. वावर टेकडाच्या मागं, रस्त्यावरून दिसत नाही. दोरी नेमकी कुठं पडणार हे माहीत नव्हतं, म्हणून अख्ख्या तुकड्याला पाणी दिलं. पानं हिरवी झाली की इज्जत वाचली, एवढंच डोक्यात. पाणी पानांतून शेंगांतही जातं, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला सुचलं नाही.

कापणीच्या दिवशी कृषी सहायक मॅडम आल्या, तलाठी आले, सरपंच आले, अर्धं गाव आलं. दोरी लागली, पीक कापलं, ताडपत्रीवर बडवलं, उफणलं. दाणा टपोरा निघाला. एकानं मूठभर उचलून पाहिला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्याच्या घरात चोरी केली होती. काटा वर चढत गेला.

"मॅडम," मी म्हणालो, "याले पाणी देलं होतं."

मॅडमनी मान वर केली. "काका, वजन झाल्यावर कसं आठवलं?"

दादा पुढं आला. त्याचा आवाज हळू होता. "वांग्याले नेलं होतं ना बे ते पाणी?"

मी खाली पाहत राहिलो.

"हाव मॅडम," तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "खरं सांगून राह्यला तो. माया विहिरीचं पाणी होय."

"तुम्ही दोघं भाऊच ना?" मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. दर गावात कोणी ना कोणी त्यांना असंच काही सांगत असणार. "सातबाऱ्यावर कोरडवाहू आहे. मी काय लिहू?" आणि त्यांनी काट्यावर दिसत होतं ते लिहिलं. जन्मभर मी थापा मारल्या आणि लोकांनी त्या पचवल्या. एकदा खरं बोललो, तर कोणी विश्वास ठेवेना.

आमचा भाग दुष्काळात बसला नाही. मंडळात इतरही ठिकाणी कापण्या झाल्या होत्या, सगळ्यांची मिळून सरासरी निघते. त्यात माझ्या टपोऱ्या दाण्यानं किती भर घातली, हे मला आजवर कोणी सांगू शकलं नाही. पारावर मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं एकानं मोबाईलवर देशाचा नकाशा दाखवला, कोरडं तिथं लाल, ओलं तिथं हिरवं. आमच्याकडे फिका हिरवा. मी दोन बोटांनी तो ताणत राहिलो, आमचं गाव दिसेल म्हणून. गाव काही आलं नाही. तो हिरवा रंगच पडदाभर पसरत गेला.

उन्हाळा लागायच्या आधी दादानं म्हशी जळगाव जामोदकडच्या बहिणीकडे पाठवायचं ठरवलं. तिच्या विहिरीला अजून पाणी होतं. मी न बोलावता गेलो, पिकअपमध्ये म्हशी चढवायला खांदा लावला. शेवटची चढेना. तिला ढकलताना दादाचं आणि माझं डोकं एकमेकांवर आपटलं. एरवी तो हसला असता.

"मी येऊ काय संगं?" मी विचारलं.

"ये. पण रस्त्यात कोणी इचारलं त पाऊसपाणी बरं हाय म्हणून सांगू नोको."

बहिणीच्या दारात म्हशी उतरवल्या. तिनं चहा ठेवला आणि बाहेर येऊन म्हशींकडे पाहत राहिली. तिच्या स्वतःच्या गोठ्यातही गर्दी होती.

"किती दिवस ठेवा लागतीन दादा?"

दादा एका म्हशीचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. मला वाटलं कोणीतरी काहीतरी बोलायला हवं. मी तोंड उघडलं.

"त्याले नोको इचारू," दादा माझ्याकडे हात करून तिला म्हणाला.