मोगऱ्याचं कुंपण

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. महादूच्या मोगऱ्याचं कुंपण मी मोडलं होतं.

परवा शहापूरच्या बाजारात फुलवालीच्या टोपलीतून मोगऱ्याचा वास आला आणि ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली. महादू माझा शेजारी, माझ्याच वयाचा. मुरबाडकडच्या आमच्या गावात भाताच्या जमिनीत मोगरा लावणारा तो पहिलाच. सगळे त्याला चिडवायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. "काय रे महादू, पावण्यांना जेवायला गजरे वाढणार काय?" तो हसायचा आणि रोपांना पाणी घालायला निघून जायचा. ते हसणंच मला सलायचं. तेवढी धमक माझ्यात नव्हती.

भातकापणी झाली की आमच्याकडे गुरं मोकळी सुटतात. त्या दुपारी मी कुंपणातल्या दोन काटेरी फांद्या ओढून बाजूला केल्या. संध्याकाळपर्यंत गुरांनी सगळी कोवळी रोपं तुडवली.

महादू बराच वेळ मातीत बसून राहिला. मग मला म्हणाला, "कुणाचा दोष नाय रे, मीच कुंपण कच्चं बांधलं. जरा हात लाव." आम्ही दोघांनी ते पुन्हा बांधलं. माझ्या बोटात काटा मोडला, तोही त्यानंच काढला.

आता त्याची फुलं शहापूरपर्यंत येतात. बाग बघायला आलेल्यांना तो अजून सांगतो, "पयल्या वर्षी माज्याच चुकीनं सगळं गेलं." मी शेजारी बसून ऐकतो. ती चूक त्याची नव्हती, एवढं त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.