'येतंय' म्हणान गेलो

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा बसले, दोनदा उठले. गुणाजीकाकांची गोष्ट आमच्या अख्ख्या वाडीला तोंडपाठ, मी काय नवीन सांगणार! पण काल कॉलेजातून निघताना मैत्रिणीला सहज म्हटलं, "येते हं," आणि एकदम गुणाजीकाकाच आठवले. म्हटलं, लिहूनच टाकू.

तर गुणाजी. आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायचा. छप्पन साली ग्लासगो बंदरात त्याला न्युमोनिया झाला आणि बोट त्याला इस्पितळात टाकून पुढे गेली. बरा झाल्यावर मिसेस मॅक्लीन नावाच्या एका विधवा म्हातारीकडे तो भाड्याने राहिला. भाड्याने म्हणायचं आपलं! बाईने हिवाळाभर त्याला पोटच्या पोरासारखं जपलं, गरम गरम सूप पाजलं, मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट दिला.

रविवारी ती त्याला चर्चमध्ये न्यायची. सगळे डोळे मिटून गप्प. बाहेर आल्यावर गुणाजीने विचारलं, देवाकडे काय मागितलंत? ती म्हणाली, ते सांगायचं नसतं. गुणाजीला हसूच आलं. आपल्याकडे गुरव खड्या आवाजात गाऱ्हाणं घालतो, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, सगळं देवाला गावासमोर सांगतो, आणि गाव "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतो. मनातल्या मनात पुटपुटलं तर देवाला कळणार कसं?

मग दुसरी बोट मिळाली. निघताना दारात त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "येतंय." आपल्यात निघताना "जातंय" म्हणतच नाहीत, अभद्र ते! बाईला कळावं म्हणून त्याने त्याचं इंग्रजीही केलं, "आय कमिंग." बाईने हसून मान डोलावली.

अठ्ठावन्न साली तो गावी आला. आई पार्वतीने उंबऱ्यातच सांगितलं, "आता पुरे झाली ती बोट. उद्या डोंगरार जावया, रवळनाथाक गाऱ्हाणां घालूया." तिचा नवरा समुद्राने नेला होता, निदान मुलगा तरी जमिनीवर राहावा. गुणाजी कबूल झाला. बोटीचा त्यालाही कंटाळाच आला होता.

त्याच संध्याकाळी शंकर आला. त्याच्या जोडीचा खलाशी, नुकताच ग्लासगोहून, त्याच बाईकडे राहून परतलेला.

"काय रे गुणग्या, थंय लगीन-बिगीन केलंस काय?"

"गप रे मेल्या!"

"मगे ती म्हातारी माका धरून कित्याक विचारता? तुझो दोस्त 'कमिंग' म्हणान गेलो, खंय आसा? रोज चायक तुझो कप मांडता. कोणी हात लायलो तर खवळता!"

सगळे खो खो हसले. गुणाजीही हसला. रात्री मात्र तो ताटावरून तसाच उठला.

सकाळी सगळे डोंगर चढले. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना काजू, आणि वर गेलं की एकदम समोर समुद्र. गुणाजीने तिकडे पाहिलंच नाही. रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवून गुरवाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां तुझां लेकरू परमुलखातसून सुखरूप इलां आसा."

"व्हय म्हाराजा!"

"आता हेचो पाय परत बोटीर पडा नये..."

गाव तोंड उघडणार तोच गुणाजी म्हणाला, "थांबा. माझां एक आसा. मनातल्या मनात सांगतंय."

गुरव भडकला. "मनातल्या मनात? सायब झालंस काय? तोंड उघड! गावाक आयकाक येवक व्हया."

मग गुणाजीने मान खाली घालून सांगितलं. "थंय एक म्हातारी आसा. तिका मी 'येतंय' म्हणान इलंय. तिका खरांच वाटलां. ती वाट बघता."

"मड्डमेचां गाऱ्हाणां!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. गुरव डोकं खाजवू लागला. पार्वती तेवढी हसली नाही.

"रोज कप मांडता म्हणालो ना शंकर?"

"व्हय गे आये."

"तुझ्या बापाशीचां ताट मी वर्सभर मांडी होतंय," ती म्हणाली. ती गुरवाकडे वळली. "गाऱ्हाणां बदला."

गुरवाने घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू त्या माऊलीक भेटान सुखरूप घराक येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज पार्वतीचा होता.

पुढच्या बोटीने गुणाजी गेला. मिसेस मॅक्लीनने दार उघडलं, त्याला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, "चहा पार निवला की रे." तो लहान पोरासारखा रडला. परत निघताना त्याने तिला 'येतंय'चा खरा अर्थ सांगितला, आणि तरी दारात पुन्हा तेच म्हणाला. दुसरं काही जिभेवर येईचना. बाई म्हणाली, "ठाऊक आहे मला. तरी कप असू दे तिथे."

गावी परतला तो पुन्हा बोटीवर चढला नाही. अजूनही दर वर्षी डोंगरावर तिच्या नावाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, मोठ्याने. आता कोणी हसत नाही.

तुम्हीही कुणाच्या तरी दारातून 'येतो' म्हणून निघाला असाल ना? आठवा बघू कोण ते. पत्र नको, निरोप नको. लवकर जा आणि भेटून या.