भंडाऱ्यातल्या दोन वस्त्या आणि दादाचं व्याख्यान

माझा थोरला भाऊ सुहासदादा बँकेतून निवृत्त झाल्यापासून लोकांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवतो. स्वतः तो पस्तीस वर्षं एकाच बँकेत, बहुतेक काळ एकाच टेबलाशी होता. व्याख्यानात मात्र तो 'जोखीम' हा शब्द इतक्या वेळा उच्चारतो की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस दर वर्षी सगळं विकून नव्याने सुरुवात करतो.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "भंडाऱ्याला जायचंय. येतेस?"

भंडाऱ्याला का, तर कुठल्याशा लग्नात त्याला कोणीतरी सांगितलं होतं की मोहाडी तालुक्यात एकमेकींना लागून दोन वस्त्या आहेत. एकीत आंध्रातून आलेले शेतकरी, दुसरीत छत्तीसगढहून आलेले मजूर. दोघंही साधारण एकाच सुमाराला, रिकाम्या हाताने आले. आज एकांची राईस मिल आहे आणि दुसरे त्याच मिलमध्ये पोती उचलतात.

"माती तीच, पाणी तेच," दादा म्हणाला. "मग फरक कशाचा? मानसिकतेचा. व्याख्यानाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. फक्त फोटो हवेत."

उत्तर तयार होतं. आता प्रश्न बघायला हजार किलोमीटर जायचं होतं. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा हे शेकडो मुलींकडून पाठ करून घेतलं आणि त्यातला एक तलावही पाहिला नाही. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. माझा हेतूही काही फार थोर नव्हता.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तिथून टॅक्सी. जाणाऱ्यांसाठी सांगते, नागपूर ते भंडारा दीड-दोन तासांचा रस्ता आहे, चांगला आहे, पण ट्रकच्या मागे अडकलात तर घड्याळ बघू नका. आमच्या टॅक्सीचे चालक रमेशभाऊ भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे. त्यांनी वाटेत एका टपरीवर थांबवून तर्री-पोहे खायला लावले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. तीस रुपयांत पोटही भरतं आणि कानही गरम होतात.

दादाने तिथेच काम सुरू केलं. "काय हो, इथले लोक थोडे आळशी असतात असं ऐकलंय?"

रमेशभाऊंनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "आळशी काहून राहतील साहेब? धान काय आपोआप कापल्या जाते?"

दादा हसला. वहीत त्याने काही लिहिलं नाही. पुढच्या तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती वही फार निवडक होती.

नोव्हेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कापणी चालली होती. कापलेल्या धानाचे ढीग, ज्यांना इथे पुंजणे म्हणतात, शेताशेतात रचलेले होते. वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडेच भंडारा शहरात शिरलो. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये बाराशे रुपयांत खोली मिळाली. स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. जेवायला तळ्यातली मासळी आणि चिन्नोर तांदळाचा भात. त्या भाताचा वास दुसऱ्या टेबलापर्यंत जात होता. दादाने पोळी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाडीच्या बाजूला निघालो. आंध्रावाल्यांची वस्ती लांबूनच ओळखू आली. रंगवलेली दुमजली घरं, दारात तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी, दोन ट्रॅक्टर आणि मागे मिलचं धुराडं. मिलचे मालक सुब्बाराव ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर नेसून व्हरांड्यात बसले होते. (या लेखातली गावकऱ्यांची नावं मी बदलली आहेत.) त्यांच्या सूनबाई लक्ष्मी यांनी मुगाचे डोसे आणि आल्याची चटणी आणली आणि अस्सल भंडाऱ्याच्या बोलीत म्हणाल्या, "खा ना ताई, लाजून काहून राहिल्या?" त्यांचा जन्म इथलाच.

दादाने फोन रेकॉर्डिंगला लावला. "सर, तुम्ही रिकाम्या हाताने आलात..."

"खाली हात? कौन बोला?" सुब्बारावांनी त्याला मध्येच थांबवलं. चाळीस वर्षांहून जास्त इथे राहूनही त्यांच्या मराठीत तेलुगू आणि हिंदी दोन्ही होतं. "तिकडे पाच एकर विकलं, इकडे तीस घेतलं. इकडे जमीन सस्ता होती. सहा भावबंदांचं कुटुंब एकसाथ आलं."

"पण कोरडवाहू जमिनीवर एवढी मोठी जोखीम घेतली, ही हिंमत..."

"कसली हिंमत? कालवा येणार होता. माझा साडू ठेकेदाराकडे नोकरीला होता, त्याने सांगितलं. गाववाल्यांना उशिरा कळलं."

दादाने वहीत लिहिलं: 'पाण्याबाबत दूरदृष्टी'. मी शेजारीच बसले होते, मला स्पष्ट दिसलं.

सुब्बाराव सरळ माणूस होता. आपल्याला काय मिळालं ते तो लपवत नव्हता. सातबारा नावावर असल्यामुळे मिलसाठी कर्ज मिळालं, मुलं हैदराबादला काकाकडे राहून शिकली, एक इंजिनिअर झाला. हे सगळं त्याने पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मेहनत केली हेही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या हाताच्या बोटांना अजून घट्टे आहेत.

मी विचारलं, "आणि पलीकडच्या वस्तीतले लोक?"

"ते आमचे लेबर. अच्छे लोग. पण काय करणार, जमीन नाही त्यांच्याकडे."

"त्यांनी कधी मागितली नाही?"

"मागितली ना. मिलच्या मागे सरकारी जागा आहे. घराला जागेचे पट्टे द्या म्हणून ग्रामसभेत अर्ज केला होता. आम्हीच लिहून दिलं की देऊ नका. ट्रक वळवायला जागा लागते."

त्यांच्या आवाजात ना लाज होती ना मिजास. लक्ष्मीताईंनी मात्र ताटं उचलायला घेतली. दादाने या वाक्यावर पेनचं टोपण लावलं. नंतर मिलसमोर, ट्रॅक्टरसमोर आणि देवघरासमोर सुब्बारावांचे फोटो काढले. उजेड उत्तम होता.

परतताना मी म्हटलं, "दादा, तुझी गोष्ट पहिल्याच प्रश्नात संपली. तो रिकाम्या हाताने आलेलाच नाही."

"तपशील आहेत ते," दादा म्हणाला. "तपशिलात अडकणारा माणूस पुढे जात नाही."

तिसऱ्या दिवशी छत्तीसगढी वस्तीवर गेलो. अंतर मिलच्या भिंतीइतकं. एका आटलेल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या काठावर कौलारू आणि पत्र्याची घरं होती. अंगणं शेणाने सारवलेली, भिंतींना खालून निळा पट्टा. हे लोक कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, भट्ट्यांवर कामाला आले होते. सिमेंटचे पत्रे आले, कवेलू कोणी घेईना, भट्ट्या बंद पडल्या, आणि हे मिलमध्ये गेले.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. सुकवारोबाई दाराशी पाय पसरून बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास. केसांत, भुवयांत, लुगड्याच्या घड्यांत धानाचा कोंडा होता. पहाटे पाचला मिलवर जाऊन त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. त्यांची मुलगी गीता आतून खुर्ची घेऊन आली. खुर्ची एकच होती, ती दादाला मिळाली.

"तुम्ही इथे आलात तेव्हा काय होतं तुमच्याजवळ?" दादाने विचारलं.

"भात रांधायचा एक गंज होता अन् दोन लुगडे," सुकवारोबाई म्हणाल्या आणि हसल्या. "लुगडे फाटले. गंज आहे."

"मग इतक्या वर्षांत पुढे जावंसं नाही वाटलं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. गीता म्हणाली, "कुठं पुढं, साहेब?"

"म्हणजे धंदा, शिक्षण, स्वतःचं काही."

"शिकली ना मी. बारावी सायन्स केली." गीता पंचविशीची, दुपट्टा खांद्यावर नीट पिनने लावलेला. "नर्सिंगले नंबर लागत होता, राखीव जागेतून. जातीचा दाखला पाहिजे होता. इथं म्हणतात, तुमच्या बाबाच्या गावाहून आणा. बाबाच्या गावाले दोन खेपा केल्या, थो दाखला आणला. तं इथं म्हणतात, दुसऱ्या राज्याचा आहे, आपल्याकडं चालत नाही. तोपर्यंत तारीख निघून गेली."

"कोणी तसं मुद्दाम केलं का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. सगळे चांगलेच बोलले. नियमच तसा आहे म्हणे."

सुकवारोबाई आपल्या बोलीत म्हणाल्या, "अब का करबो." आता काय करणार. दुसऱ्याच कोणाचं काही सांगावं तसं त्या ते म्हणाल्या.

"घरकुलाचं काय झालं?" मी विचारलं.

"पट्टा नाही तं घरकुल नाही. मिलवाले म्हणतात ट्रकले जागा लागते." गीता भिंतीकडे बघत म्हणाली. "लक्ष्मीताई आमच्यासाठी बोलल्या होत्या घरात. त्याहिचं कोणी ऐकलं नाही."

दादा उठला. त्याला उशीर होत होता आणि भर दुपारी उजेडही जात होता, असं त्याचं म्हणणं. दाराशी बसलेल्या सुकवारोबाईंचा त्याने फोटो काढला. त्या सावरून बसायला लागल्या, पदर झटकायला लागल्या, तर तो म्हणाला, "नको, आहे तसंच छान आहे."

मी तिथे होते. मी काही बोलले नाही. हे लिहायला सोपं जात नाहीये.

संध्याकाळी रमेशभाऊंनी आम्हाला लाखनीच्या बाजूला एका तलावावर नेलं. पाण्यात शिंगाडे काढायच्या लहान नावा, काठावर बगळे, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. जाणार असाल तर एक दिवस राखून ठेवा, दुसऱ्या कशासाठी नाही तर या पाण्यासाठी. दादा काठावर उभा राहून व्याख्यानाची सुरुवात मोठ्याने म्हणून बघत होता. बगळे उडाले.

जानेवारीत पुण्यात व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं, पहिल्या दोन रांगा बँकेतल्या निवृत्तांच्या, सगळ्यांची घरं स्वतःची. दादाने पडद्यावर आधी सुब्बाराव दाखवले, मिलसमोरचे. "रिकाम्या हाताने आलेला माणूस," तो म्हणाला. मग सुकवारोबाई आल्या. कोंड्याने पांढरे झालेले केस पडद्यावर म्हातारपणासारखे दिसत होते.

"दुपारचे बारा," दादा म्हणाला. "कामाची वेळ. आणि या बाई दारात बसल्या आहेत." तो थोडा थांबला. लोक हसले.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. माईक मिळाला. मी सांगितलं की त्या बाई पहाटे पाचपासून मिलवर होत्या आणि त्यांच्या केसांत दिसतोय तो मिलमधला कोंडा आहे. ते गृहस्थ पाच एकर विकून आले होते आणि तसं त्यांनी स्वतः, माझ्या भावासमोर सांगितलं. बाईंच्या वस्तीला घराची जागा मिळू नये म्हणून त्या गृहस्थांनीच अर्ज दिला होता, हेही. गीताच्या दाखल्याचं सांगायला सुरुवात केली तेव्हा सूत्रसंचालकाने घड्याळाकडे पाहिलं.

दादा माझ्याकडे बघून प्रेमाने हसला. "ही माझी धाकटी बहीण. शिक्षिका होती. नापास मुलांचे मार्क वाढवायची तिला जुनी सवय आहे."

या वेळी जास्त हसले. मी खाली बसले. चहाला एक बाई मुद्दाम माझ्याजवळ आल्या. मला वाटलं त्यांना काही विचारायचं असेल. त्यांनी विचारलं, चिन्नोर तांदूळ पुण्यात कुठे मिळतो.

दादा नंतर नाशिकला आणि कोल्हापूरला बोलला. नाशिकचा व्हिडिओ वहिनीने मला पाठवला. त्यात आता 'कारणं शोधणारे लोक' असा एक नवा भाग आहे. त्या भागात मी आहे, नाव न घेता. आमचं बोलणं चालू आहे, पण हवापाण्याचं.

हा लेख लिहायच्या आधी मी गीताला फोन केला. तिच्या घरचं सांगायचं तर तिला विचारायला हवं होतं, आणि ते दादाला सुचलं नव्हतं. ती भंडाऱ्यात होती. खुल्या जागेतून एका लहान नर्सिंग कोर्सला लागली आहे, ज्याला नंबर लागत होता त्याच्यापेक्षा खालच्या. रोज बसने जाते-येते. आई अजून मिलवर आहे. पट्टे मिळालेले नाहीत.

मी दादाच्या व्याख्यानाचं सांगितलं, काही न लपवता.

"लिवा मॅडम," ती म्हणाली. "पण नाव बदलून लिवा."

"बदलते. आणखी काही?"

"त्या साहेबानं आम्हाले छत्तीसगढवाले म्हटलं असन ना?"

"हो," मी म्हटलं. मीही माझ्या वहीत तेच लिहिलं होतं. वर वाचलंत ना, तिथेही तेच आहे.

"थे नका लिवू. माय-बाप आले तिकडून. मी इथंच जन्मली, इथंच शाळेत गेली. मले तिकडची बोली बी धड येत नाही."

"मग काय लिहू?"

"मोहाडीची लिवा," गीता म्हणाली. तिची बस आली होती.