डाव्या बुटातला कापूस

माझा डावा पाय उजव्यापेक्षा लहान आहे, जन्मापासून. चालताना फारसं कळत नाही, बुटात कळतं. लहानपणी मी आईला कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "निजेल हाय तो. उठला म्हनजे वाढीन." पुढे कितीतरी दुपारी मी ओट्यावर पाय पसरून बसायचे आणि डाव्या अंगठ्याला हळूच हाका मारायचे.

तो काही उठला नाही. मग उजव्याच्या मापाचे बूट घ्यायचे आणि डाव्याच्या टोकाला कापूस भरायचा, असा आमच्या घरचा रिवाज पडला. असोद्याला आमचं शेत, कापूस घरचाच. आई त्यातला स्वच्छ कापूस निवडायची, सरकी काढायची आणि बोटांनी बुटात दाबून बसवायची. चार दिवसांत तो चपटा व्हायचा आणि पाय पुन्हा आत डुगडुगायला लागायचा. नोकरीसाठी धुळ्यात खोली घेतली, तरी सुट्टीला घरी गेले की आई माझ्याआधी माझ्या डाव्या बुटाची चौकशी करायची. मी जाम चिडायचे. मला एकदा, फक्त एकदा, कापसाशिवाय चालायचं होतं.

जळगावच्या दुकानांतून विचारून पाहिलं. डावा लहान, उजवा मोठा, असे द्याल का? "ताई, जोडी फोडता येत नाही," सगळीकडे एकच उत्तर. एका बड्या कंपनीला लिहिलं, तर तिनेही गोड शब्दांत तेच कळवलं.

ऑफिसात चाळीसगावचा एक सहकारी आहे, सारखे नवे स्नीकर्स घालून मिरवणारा. त्याला मी एकदा छेडलं, तर हसून म्हणाला, "ताई, फर्स्ट कॉपी शे. पन बठ्ठासले खरीच वाटस." म्हणजे नकली, पण सगळ्यांना खरीच वाटणारी. मग त्याने मोबाइलवर चीनमधल्या एका एजंटची साइट उघडून दिली. आपण बूट निवडायचे, एजंट तिथल्या दुकानदाराकडून ते विकत घेतो, स्वतःच्या गोदामात ठेवून फोटो पाठवतो, आणि आपण हो म्हटलं की पार्सल निघतं. नकली माल घ्यायची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण अस्सलवाल्यांनी तर मला दारातूनच परत पाठवलं होतं.

एजंटला मी माझी अडचण लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, यंत्राने मराठी केलेलं: "प्रिय मैत्रीण, दुकानदार विचारतो, उरलेली जोडी कोण घालणार?"

त्या दुपारी पंख्याखाली डोळे जड झाले आणि मला ती दिसायला लागली. दूर कुठल्याशा गावातली एक बाई, माझ्याच वयाची, डावा पाय मोठा आणि उजवा लहान. तिकडे कापूस पिकत नसेल तर तिची आई चिंध्या भरत असेल. ती दारात बसून आपल्या उजव्या अंगठ्याला हाका मारत असेल, तिच्या भाषेत. आम्ही दोघी मिळून चार पाय, म्हणजे दोन सरळ जोड्या. मी एजंटला लिहिलं, "असेल कोणीतरी." काय समजलं त्याला देव जाणे, पण दुकानदार तयार झाला.

मग फोटो आला. पांढऱ्या उजेडात दोन बूट, शेजारी मोजपट्टी, डावा स्पष्टपणे लहान. खाली प्रश्न होता, "दोन्ही वेगळे दिसतात. चूक नाही ना?" मी "चूक नाही" असं लिहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. माझे पाय माझ्याशिवाय इतक्या लांब जाऊन उभे राहिले होते आणि त्यांना कोणी हसत नव्हतं. पार्सल येईपर्यंत मी तो फोटो रोज बघायचे, आणि ती बाईही कुठेतरी आपला फोटो बघत असेल असं वाटून बरं वाटायचं.

पार्सल धुळ्यात मिळालं, पण उघडलं असोद्याला, आईसमोर. बूट घातले, नाड्या बांधल्या, अंगणात उभी राहिले. दोन्ही पाय जागच्या जागी. विहिरीपर्यंत जाऊन आले, मग धावले, या वयात. गाईने मान वळवून बघितलं.

परत आले तर आई पायरीवर बसलेली. सवयीने तिने कापूस काढून, पिंजून, मांडीवर ठेवला होता. तिने वाकून डाव्या बुटाचं टोक दाबलं. तिला माझा अंगठा तिथेच लागला.

"उठला व माय तुझा पाय," ती म्हणाली. हसली. मग मांडीकडे बघून म्हणाली, "मंग आता ह्या कापसाचं काय करू मी?"

मला एकदम पोरकं वाटलं. ज्याच्यावर जन्मभर चिडले, तो कापूस म्हणजे आईचा हातच माझ्या बुटात होता. आणि मी तो चीनहून बूट मागवून बाहेर काढला होता.

मी खाली बसले, डावा बूट काढून तिच्यापुढे धरला.

"थोडा घाल ना," म्हटलं, "टोकाला जरा ढिला आहे."

ढिला नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं, पण तिने चिमूटभर कापूस नीट दाबून बसवला. धुळ्यापर्यंत अंगठा चेमटला, तरी मी बसमध्ये बूट काढला नाही.