चौथी सुपारी

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आले आणि खरं सांगते, हसत आले. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी म्हणायची, लोकांना वेळ बरा मिळतो! मी नास्तिक वगैरे नाही. गौरी-गणपती करते, हळदीकुंकू करते, परीक्षेच्या दिवशी पोराच्या हातावर दही ठेवते. पण देव आपलं ऐकतो आणि ऐकून काही करतो, असं मला कधी वाटलं नाही. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे आणि ठरल्या दिवशी किती उगवले ते मोजून लिहायचं, हे माझं काम. कुणी हात जोडले म्हणून एखादा दाणा जास्त उगवला, असं सोळा वर्षांत एकदाही झालेलं नाही.

तरी हे लिहायला बसले. आमच्या घरात या गोष्टीबद्दल आता कुणी बोलत नाही, आणि मला ती पोटात ठेवून राहवत नाही.

पावसाळा संपत आला होता. आमच्याकडे पाऊस आधी महिनामहिना तोंड दाखवत नाही आणि मग जाता जाता सगळं उट्टं काढतो. त्या रविवारीही तसंच झालं. हे पुण्याला कामासाठी गेलेले, मुलगा क्लासला. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई दोघीच होतो. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर हसनाबाद, त्यांची धाकटी बहीण कुसुममावशी पण तिथेच दिलेली. मावशींचा एकुलता एक मुलगा संतोष. बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा, मनमिळाऊ माणूस, मला 'वैनी' म्हणून हाक मारायचा. कुणाच्या शेतात मोटार अडकली की रात्री-अपरात्रीसुद्धा निघायचा, आणि मावशी त्याला त्यावरून बोल लावायच्या.

दुपारी दोनच्या सुमाराला संतोषनेच व्हिडिओ पाठवला. गिरजा नदीच्या पुलावरून पाणी चाललेलं, आणि पुलाच्या मधोमध एक छोटा टेम्पो अडकलेला. पाणी टपाला लागलेलं. टपावर तीन माणसं – दोन पुरुष, एक बाई. बाई ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. काठावर शे-दोनशे माणसं नुसती उभी.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी बाहेरच्या खोलीतूनच त्यांना सांगितलं.

"कोण हायती ती?" आईंनी विचारलं.

"परगावचे आहेत म्हणे. राजूरच्या गणपतीचं दर्शन करून परत निघालेले."

आईंनी भाजी तशीच सोडली, हात धुतले आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. परात घेतली, त्यात पाणी ओतलं आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून त्या पाण्यात ठेवला. देव पाण्यात ठेवणं म्हणजे काय हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आईंच्या माहेरी त्यातही एक रीत आहे. ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवायचे, त्याची एकेक सुपारी देवाच्या पायाशी ठेवायची. तो माणूस घरी पोचला, उंबऱ्यात त्याचा पाय पडला, की मगच देव आणि सुपारी बाहेर काढायची. तोवर ठेवणाऱ्याने जेवायचं नाही.

"आई, देवाला सर्दी होईल हो," मी म्हणाले. अशी थट्टा आमच्यात चालायची.

"होऊ दे. काढा करून देईन त्याला."

"अहो पण ओळख ना पाळख..."

"ओळखीच्यासाठी समदेच ठिवतेत. ह्यांचं माणूस हाय का हितं कुणी ठिवायला?"

आईंनी सुपारीचा डबा उघडला. एक ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. मग पुन्हा डब्यात हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. शेवटी एक बारकी सुपारी निघाली, तीही पाण्यात ठेवली.

"आई, तिघं आहेत. मी मोजलेत."

"चौघं हायती."

"कुठाय चौथा? हा बघा व्हिडिओ." मी फोन पुढे केला. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिला असता तरी काय दिसणार होतं? एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"ल्हान हाय एक," एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

आता मी जे केलं ते श्रद्धेने केलं असं कुणी समजू नये. आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त आहे. दोघींची मोजणी जुळली नाही, की पुन्हा मोजायचं, मग समोरची चुकली याची कितीही खात्री असो. निव्वळ त्या सवयीने मी संतोषला फोन लावला. आईंचं चुकलं हे एकदा पक्कं झालं की बरं, असंही मनात होतं.

"संतोषभाऊजी, टेम्पोवर नक्की किती माणसं आहेत?"

"तिघं हायत वैनी. बोट निघाली म्हन्तेत जालन्याहून, पर अजून पत्ता न्हाई."

"आई म्हणतात चौघं आहेत. एक लहान आहे म्हणतात."

"मावशी म्हन्ती?"

"हो, पण त्यांनी व्हिडिओही पाहिला नाही हो, तुम्ही मनावर..."

"मावशी म्हन्ती तं मंग खालच्या अंगाला जाऊन बघतो. हितं हुबा राहून तरी काय करून राह्यलो मी?"

त्याच्याशी माझं हे शेवटचं बोलणं.

पुढचं मला नंतर रफिकभाईंकडून कळलं. रफिकभाई म्हणजे संतोषचा कामातला जोडीदार. दोघं मोटार उतरवायचा दोर घेऊन काठाकाठाने खाली गेले. अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर नदी वळते, तिथे एक बाभूळ निम्मी पाण्यात गेलेली होती. तिच्या फांदीत एक मुलगी अडकली होती. सहा वर्षांची, लाल फ्रॉकची. व्हिडिओ काढायच्या आधीच ती टपावरून घसरून वाहून गेली होती, आणि तिची आई टपावर ओरडत होती ती 'आम्हाला वाचवा' म्हणून नव्हतीच. काठावरच्या एकालाही ते समजलं नव्हतं.

पावणेचारला माझा फोन वाजला. नाव संतोषचं, आवाज रफिकभाईंचा. बोलता बोलता रडत होते.

"वैनी, सापडली! पोरगी सापडली बघा. जिती हाय! संतोषनं तिला दोर बांधला, मी वढून घेतली. बोट बी आली, त्या तिघांना काढून राह्यलेत. तुमच्या आईला सांगा जल्दी!"

कधी नव्हे ते मी धावत देव्हाऱ्यापुढे गेले आणि आईंच्या गळ्यातच पडले. "आई, चौथी होती! छोटी मुलगी होती! चौघंही वाचले... काढा आता देव."

आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जागच्या हलल्या नाहीत. "घरी पोचू दे त्यांना. उंबऱ्यात पाय पडल्याबिगर काढत न्हाईत."

"अहो ते परगावचे, त्यांना घरी पोचायला रात्र होईल. तुम्ही सकाळपासून नुसत्या चहावर आहात. शुगरची गोळी राहिलीय. चक्कर येऊन पडलात तर मी एकटी काय करू?"

आई नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. देव काय तारीख-वेळ बघत बसलाय का, असं काहीतरी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून परातीपाशी नेला. शेवटी त्यांनी गणपती बाहेर काढला, पदराने पुसला, देव्हाऱ्यात ठेवला. चारी सुपाऱ्या काढल्या. मी ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाने द्यायची असते.

त्यांचं ताट संपायच्या आत पुन्हा फोन आला. मुलीला ओढून घेतल्यावर दोर तिच्या अंगावरून सोडून परत संतोषकडे टाकायचा होता. रफिकभाईंनी मला पहिला फोन केला तेव्हाही तो बाभळीला धरून उभा होता, हसून हात हलवत होता. पण भिजलेली गाठ लवकर सुटेना, मुलगी बेशुद्ध होत होती, आणि सगळ्या गडबडीत वेळ गेला. रफिकभाई दोर घेऊन वळले तेव्हा तिथे बाभूळच नव्हती.

संतोष दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. ते मी लिहीत नाही.

त्यानंतरचे दिवस आम्ही हसनाबादला मावशींकडेच होतो, आणि ते दिवस विचित्र होते. गावात आईंचं नाव झालं. डोळ्यांनी न बघता चौथी सांगितली म्हणून बाया पाया पडायला यायच्या. मुलीचे आई-वडील आले, त्यांनी मुलीला आईंच्या पायावर घातलं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि एकसारख्या दाराकडे बघत होत्या, कारण दाराच्या पलीकडे त्यांची बहीण बसली होती.

दहाव्याला सगळे नदीवरून आल्यावर कुसुममावशी आईंच्या समोर येऊन बसल्या. त्या दहा दिवसांत त्या बहिणीशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. घरात पन्नास माणसं होती.

"अक्का," त्या म्हणाल्या, "परक्याची चौथी सुपारी तुला दिसली. आपल्या संतोषची पाचवी कशी गं दिसली न्हाई?"

आईंनी मान खाली घातली.

"मी पाण्यातल्यांचं मागत व्हते गं कुसुम," त्या म्हणाल्या. "संतोष काठावर व्हता. काठावरच्याचं काय मागायचं, असं वाटलं."

मावशींनी आणखी विचारलं, "अन् देव? देव कधी काढले तू?"

आता आई माझ्याकडे बघणार, असं वाटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"काढले मी," त्या म्हणाल्या. "चूक झाली. भूक लागली व्हती मला."

मावशी उठून आत गेल्या. भूक लागली होती म्हणून देव काढले, हे आजही हसनाबादेत सगळ्यांना माहीत आहे. काढा म्हणणारी, हाताला धरून काढायला लावणारी मी होते, हे आईंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि हे छापून आलं की मावशींना वाचून दाखवणार आहे. त्यांनी काय करायचं ते करावं.

तो व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिला आहे. बाई काठाकडे बघत नाही, खालच्या बाजूला बघते आहे, हात त्या दिशेला आहे. कुणी नीट पाहिलं असतं तर कदाचित समजलं असतं. पण आईंनी पाहिलाच नव्हता. दुसरं कुणी त्यांना सांगितलं असेल म्हणावं तर त्यांचा फोन कपाटात चार्जिंगला होता. योगायोग म्हणावा तर बारकी सुपारी शोधणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आईंना विचारलं तर म्हणतात, "मला काय म्हाईत बाई. हाताला चौथी लागली." त्यापुढे त्या काही सांगत नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी कुणासाठीही देव पाण्यात ठेवलेले नाहीत.

माझा प्रश्न मात्र वेगळाच होऊन बसला आहे. देव ऐकत नाही असं मानलं, तर देव वेळेआधी काढल्याने काही बिघडलं नाही. मग मी निर्दोष आहे, सुखाने झोपले पाहिजे. ऐकतो असं मानलं, तर एका माणसाचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून तो त्याला विसरला, असला देव मला नको आहे. दोन्हीपैकी एकही मला मानता येत नाही आणि झोपही येत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, पण 'त्याची वेळ आली होती' असं कृपा करून लिहू नका. ते मी पुष्कळ ऐकलं आहे.

आता कुठे पूर आला, आग लागली, असा व्हिडिओ ग्रुपवर येतो. लोक खाली हात जोडलेली चित्रं टाकतात. आत अडकलेल्यांसाठी मागणारे पुष्कळ असतात. मी काठावर दोर घेऊन उभ्या असलेल्या माणसांसाठी मागते. कुणाकडे मागते, ते मला विचारू नका.